भूखंड सत्तावीसवरची एकसष्ट घनमीटर माती

दि. १ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. क्षेत्र व्यवस्थापक,
औद्योगिक क्षेत्र कार्यालय, वडजी पाटी,
ता. चाकूर, जि. लातूर.

विषय : भूखंड क्र. २७ वरील मातीच्या ढिगांत आढळलेली तूट ही चोरी नसल्याबाबत, व त्या कारणावरून कमी केलेले पहारेकरी श्री. नागप्पा वीरभद्र हुडगे यांना दि. १५ डिसेंबरपूर्वी कामावर परत घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची तक्रार, दि. २५ सप्टेंबर. २) तक्रार मागे घेण्याचा अर्ज, दि. ८ ऑक्टोबर. ३) आपले पत्र, दि. १७ ऑक्टोबर. ४) अर्जदाराचे स्मरणपत्र, दि. २७ ऑक्टोबर. ५) आपले पत्र, दि. १३ नोव्हेंबर.

अर्जदार : अक्षरा धम्मदीप सोनकांबळे, विज्ञान पदवीधर, रा. चाकूर. पट्टेदार श्रीमती मनिषा धम्मदीप सोनकांबळे (आई) यांच्या वतीने.

महोदय,

१. दि. १५ एप्रिल २०२५ रोजी सकाळी भूखंड क्र. २७ वर पुढील गोष्टी होत्या. डाळमिलच्या शेडच्या पायासाठी घेतलेला खड्डा एक : लांबी चोवीस मीटर, रुंदी बारा मीटर, खोली दीड मीटर, म्हणजे ४३२ घनमीटर. मातीचे ढीग दोन : लहान ढीग वरच्या एक फूट काळ्या मातीचा, ११२ घनमीटर, मोठा ढीग खालच्या चिकण मातीचा, ४४६ घनमीटर, दोन्ही मिळून ५५८. बाभळी तीन, कडुनिंब एक. पत्र्याची चौकी एक. चौकीत खुर्ची एक, तिचा एक पाय विटेवर. पहारेकरी एक. मोजमाप आपल्या कार्यालयातील श्री. श्रीशैल यांनी केले. टेपचे दुसरे टोक अर्जदाराने धरले होते.

२. खड्डा ४३२ चा आणि त्यातून निघालेली माती ५५८, यावर आपल्या कार्यालयाने २१ एप्रिललाच नोटीस दिली होती की परवानगीपेक्षा १२६ घनमीटर जास्त खोदकाम झाले असून ते कोठे केले याचा खुलासा करावा. ताजी उकरलेली माती फुगते, हे अर्जदाराने पदवीच्या पुस्तकातील एका पानाची झेरॉक्स जोडून कळवले आणि नोटीस निकाली निघाली. या गोष्टीचा उल्लेख करण्याचे कारण असे की, फुगलेली माती पुढे पावसाने बसते, हे त्याच पुस्तकाच्या पुढच्या पानावर होते. अर्जदाराने झेरॉक्स एकाच पानाची काढली होती.

३. भाडेपट्ट्याची अट क्र. १९ अर्जदाराला आता तोंडपाठ आहे. भूखंडातून निघालेली माती, मुरूम व दगड ही जमीन देणाऱ्याची मालमत्ता राहील. लेखी परवानगी व वाहतूक पासाशिवाय ती भूखंडाबाहेर जाणार नाही. वरचा सुपीक थर वेगळा रचून ठेवला जाईल. बाहेरील माती भूखंडात येणार नाही. आणि ढिगांत तूट आढळल्यास पट्टा रद्द होऊ शकेल. ही अट वाचल्यापासून अर्जदाराची आई रोज विचारत असे की माती आहे ना. अर्जदार रोज जाऊन पाहत असे.

४. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ढीग खाली गेल्यासारखे वाटले. त्या दिवसापासून अर्जदाराचा कोणावरही विश्वास राहिला नाही. प्रथम आपल्या कार्यालयाच्या टेपवर संशय आला. तो टेप मागून घेऊन तपासला असता तीस मीटरला सहा मिलिमीटर कमी भरला. तेवढ्याने ढीग खचत नाहीत. नंतर भूखंड क्र. २८ चे धारक श्री. मृत्युंजय यांच्यावर आला, कारण त्यांनी त्याच महिन्यात आपली जागा भरून सपाट केली होती. अर्जदार बशी आणि चमचा घेऊन त्यांच्या जागेत माती गोळा करताना त्यांना दिसली. त्यांनी रागावण्याऐवजी खुर्ची मागवली आणि म्हणाले, "या, मॅडम, अगुदर चहा घ्या, मग आमची माती चाखून बी बघा." त्यांची भर तांबड्या मुरमाची निघाली. भूखंड २७ च्या ढिगात तांबडे काहीच नाही.

५. त्यानंतर अर्जदाराने दोन्ही ढिगांभोवती चुन्याची बारीक रेघ ओढून ठेवण्यास सुरुवात केली. टिपरची चाके, ट्रॅक्टरची चाके किंवा माणसाची पावले रेघेवर उमटतील, असा हिशेब होता. एकवीस सकाळींत रेघेवर कुत्र्यांची पावले सतरा वेळा, मुंगसाची दोन वेळा आणि अर्जदाराची स्वतःची चार वेळा आढळली. चाके एकदाही नाहीत. इथेच थांबायला हवे होते. परंतु रेघ मोडत नाही आणि ढीग मात्र उतरतो आहे, याचा अर्थ चोर आतला आहे, असे अर्जदाराने ठरवले. आतला माणूस एकच होता.

६. दि. २२ सप्टेंबर, घटस्थापनेचा दिवस. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अर्जदार शेडच्या अर्धवट भिंतीमागे उभी होती. श्री. नागप्पा यांनी फाटक उघडले. वडजी गावातील स्त्रिया एकेक करून आत आल्या, परडी किंवा पत्रावळ घेऊन. श्री. नागप्पा यांनी चुन्याची रेघ काळजीपूर्वक ओलांडून लहान ढिगातून दूध पावडरच्या जुन्या डब्याने प्रत्येकीला दोन डबे माती दिली. कोणाला तिसरा डबा दिला नाही. एक बाई जास्त मागत होत्या, त्यांना काहीतरी बोलून हसवून परत पाठवले. सात पंचवीसला फाटक बंद झाले. आत आलेल्या स्त्रिया त्रेपन्न. अर्जदाराच्या घरी घट बसत नाही. घटाला माती लागते हे तिला ऐकून माहीत होते. ती कोठली लागते आणि पुढे तिचे काय होते, हे माहीत नव्हते, आणि तिने कोणाला विचारलेही नाही.

७. दि. २४ सप्टेंबरला अर्जदाराच्याच विनंतीवरून फेरमोजणी झाली. लहान ढीग ९९, मोठा ३९८, एकूण ४९७ घनमीटर. तूट एकसष्ट. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने तक्रार दिली. त्या तक्रारीत 'चोरी' हा शब्द तीन वेळा आहे. तो कोणी सांगून लिहिलेला नाही. अर्जदाराच्या अक्षरात आहे. ज्या कार्यालयात साध्या नळजोडणीच्या अर्जाला पाच आठवडे लागले, त्या कार्यालयातून ही तक्रार त्याच दुपारी पहारा पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे गेली. ठेकेदाराच्या माणसाने श्री. नागप्पा यांना माती नेणाऱ्या स्त्रियांची नावे लिहून द्यायला सांगितले. नावे दिली तर फक्त ताकीद देऊन सोडू, असेही सांगितले. श्री. नागप्पा म्हणाले, माती मी दिली, माझं नाव लिहा. दि. २९ सप्टेंबरला त्यांना कमी केले. त्यांच्या जबाबाखाली 'उत्तर असमाधानकारक' असा शेरा आहे.

८. दि. ३ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, अर्जदार भूखंडावर असताना फाटकाबाहेर गलका ऐकू आला. त्याच स्त्रिया आल्या होत्या. प्रत्येकीच्या पत्रावळीवर माती आणि मातीत गव्हाचे पिवळे कोंब. नवा पहारेकरी त्यांना आत येऊ देत नव्हता, आणि अट क्र. १९ प्रमाणे त्याचे बरोबरच होते : बाहेरील माती भूखंडात येणार नाही. सर्वांत पुढे लक्ष्मम्मा नावाच्या सत्तरीच्या बाई होत्या. श्री. नागप्पा यांच्या त्या थोरल्या बहीण, हे अर्जदाराला नंतर कळले. त्या पहारेकऱ्याला शांतपणे म्हणाल्या, "न्हेताना चोर म्हणलाव. आता ठिवायलाव तर बी चोर म्हण, बाबा, पण वाट सोड."

त्याने वाट सोडली नाही. स्त्रियांनी पत्रावळी भिंतीच्या कडेने बाहेरच ओळीने मांडल्या, हात जोडले आणि गेल्या. अर्जदार त्या ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. त्रेपन्न.

९. दि. ५ ऑक्टोबरला अर्जदार श्री. नागप्पा यांच्या घरी गेली. खरे सांगायचे तर तेव्हाही माफी मागायला नव्हे, चौकशी करायला गेली होती. त्रेपन्न पत्रावळी परत आल्या तरी एकसष्ट घनमीटर आले नव्हते, आणि उरलेली माती कोठे आहे ते यांना माहीत असणारच, असा संशय मनात कायम होता. त्यांनी बसायला पोते अंथरले आणि जे सांगितले त्याचा सारांश असा. वडजीत घटाला स्वतःच्या शेतातलीच माती लागते, आणि घट उठला की ती जिथून घेतली तिथे परत टाकतात. औद्योगिक क्षेत्रासाठी जमिनी गेल्या त्यात या त्रेपन्न घरांच्याही गेल्या. बाकीच्या भूखंडांवर फरशी, डांबर आणि कुलपे आली. उघडी माती उरली ती फक्त भूखंड २७ वर. हा भूखंड म्हणजे श्री. नागप्पा यांचेच जुने शेत. आपल्याच शेतावर ते सहा वर्षे पहारेकरी होते, हे आपल्या कार्यालयाला माहीत असेल. अर्जदाराला माहीत नव्हते.

मग अर्जदाराने विचारले की दोन डबे माती समजले, पण एकसष्ट घनमीटरचे काय. त्यांचे उत्तर जसेच्या तसे लिहीत आहे, कारण जबाबाच्या कागदावर ते कोणी लिहून घेतले नाही :

"मॅडम, तुमी शिकलेल्या हाव. आमच्यात माणूस गेला की मातीत बसवत्यात. गावातले खड्डे मीच घेतो, चाळीस वर्सं झाली. वर हातभर ढीग रचतो. दुसरा सरावन येईस्तोवर त्यो जिमिनीला लागतो. मग काय, आतला माणूस उठून गेला म्हणायचं?"

१०. घरी आल्यावर अर्जदाराने पुस्तकाचे पुढचे पान उघडले. त्यानंतर केलेले काम येथे थोडक्यात नोंदवते.

(क) लहान ढीग ११२ चा ९९ झाला : घट ११.६ टक्के. मोठा ४४६ चा ३९८ झाला : घट १०.८ टक्के. मोठ्या ढिगाला कोणी हात लावलेला नाही, हे अर्जदाराने स्वतः पाहिले आहे. दोन्ही ढिगांतून जवळजवळ सारख्याच प्रमाणात माती नेणारा चोर असेल, तर तो टक्केवारी काढून चोरी करतो, असे म्हणावे लागेल.

(ख) एकसष्ट घनमीटर माती त्या एक लिटरच्या डब्याने न्यायची तर एकसष्ट हजार डबे होतात. त्रेपन्न स्त्रियांना दोन-दोन डब्यांनी प्रत्येकी ५७५ खेपा कराव्या लागल्या असत्या. अर्जदाराने पाहिली ती प्रत्येकी एक खेप.

(ग) माती किती जागा व्यापते ते ऋतूप्रमाणे बदलते. तिचे कोरडे वजन बदलत नाही. म्हणून खड्ड्याशेजारच्या न उकरलेल्या जमिनीतून बारा आणि दोन्ही ढिगांतून बारा असे चोवीस नमुने ठरावीक मापाच्या नळीने काढले. आपल्या क्षेत्रात ते वाळवण्याची भट्टी नाही, म्हणून ते नांदेडला अर्जदाराच्या जुन्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेले. प्रत्येक नमुन्यासाठी वाहतूक पास मिळावा म्हणून अर्जदाराने आधी आपल्याकडे अर्ज केला होता. चोवीस नळ्यांसाठी किमान एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, क्षमतेचे वाहन नमूद करावे, असे उत्तर मिळाले. अखेर श्री. श्रीशैल यांनी नमुन्यांच्या यादीवर सही करून दिली. एसटीचे वाहक मुखेडचे होते. पिशवीत माती आहे आणि तिला सरकारी सही आहे, हे ऐकून त्यांनी सही दोनदा वाचली आणि म्हणाले, "चोवीस वर्सं गाडीवर हाय. मातीचं तिकीट फाडायचं असतं का न्हाई, ते मलाच ठाव न्हाई. बसा."

(घ) निकाल : खड्ड्यातील ४३२ घनमीटर मातीचे कोरडे वजन ६०४.८ टन. ढिगांतील ४९७ घनमीटर मातीचे कोरडे वजन ६०१.४ टन. या पद्धतीत बारा टनांपर्यंत चूक संभवते. म्हणजे माती जागेवर आहे. ती फक्त खाली बसली आहे.

११. दि. ८ ऑक्टोबरला तक्रार मागे घेताना हे सर्व हाती नव्हते. दि. २७ च्या स्मरणपत्रासोबत होते. या दोन्ही अर्जांवर आपल्या दोन पत्रांतून मिळालेली उत्तरे अशी. एक, मातीच्या नोंदवहीत वजनाचा रकाना नाही, सबब वजन विचारात घेता येत नाही. दोन, तक्रार मागे घेतली तरी तूट राहते; ती पहारेकऱ्याच्या नावावर नसेल तर पट्टेदाराच्या नावावर लागेल. तीन, त्रेपन्न स्त्रियांची नावे, ओळखपत्रे व प्रत्येकीचा वाहतूक पास सादर करावा; पासावर वाहन क्रमांक बंधनकारक आहे. चार, फाटकाबाहेरील माती पावसाने वाहून जाऊ नये म्हणून अर्जदाराने ती त्रेपन्न क्रमांक घातलेल्या पिशव्यांत भरून चाकूरच्या घरी ठेवली असल्याने, अर्जदाराचे राहते घर हे 'विनापरवाना साठवणूक स्थळ' ठरते.

चौथ्या मुद्द्यावर इतकेच सांगायचे आहे की सदर साठवणूक स्थळात अर्जदार आणि तिची आई राहतात, आणि पिशव्या पलंगाखाली आहेत. आई रोज विचारते की ही तरी माती आहे ना.

तिसऱ्या मुद्द्यावर : जी नावे श्री. नागप्पा यांनी नोकरी वाचवण्यासाठी दिली नाहीत, ती अर्जदार देणार नाही. पासाचे त्रेपन्न नमुने भरून सोबत जोडले आहेत. नावाच्या जागी पिशवीचा क्रमांक आणि वाहन क्रमांकाच्या जागी 'पायी' असे लिहिले आहे. हे उद्धटपणाने केलेले नाही. त्या रकान्यात याहून खरे काही लिहिता आले नाही.

१२. दुसरा मुद्दा खरा महत्त्वाचा आहे आणि अर्जदाराने त्यावर आईशी बोलून घेतले आहे. नोंदवहीची बेरीज जुळण्यासाठी तूट कोणाच्या तरी नावावर लिहावीच लागत असेल, तर ती भूखंड क्र. २७ च्या पट्टेदाराच्या नावावर लिहावी आणि अट क्र. १९ प्रमाणे जी कारवाई होईल ती त्यांच्यावर व्हावी. आईचे म्हणणे असे की, भिंतीमागे उभे राहून मोजणी तू केलीस, तर आकडाही आपणच उचलायचा. त्यांची स्वाक्षरी सोबत आहे.

१३. पहारा ठेकेदाराचा नवा करार दि. १५ डिसेंबरला होत आहे आणि त्यासोबत पहारेकऱ्यांची यादी वर्षभरासाठी कायम होईल. श्री. नागप्पा यांचे वय एकोणसाठ आहे. या यादीत नाव आले नाही तर साठीनंतर ते कोणत्याच यादीत येणार नाही. अर्जदाराने चौकशी केली असता ठेकेदाराच्या माणसाने सांगितले की कार्यालयाचे एक ओळीचे पत्र आले तर हरकत नाही. श्री. नागप्पा यांनी स्वतः काहीही मागितलेले नाही. अर्जदार दुसऱ्यांदा भेटायला गेली तेव्हा त्यांनी फक्त एवढेच विचारले की खुर्चीखालची वीट आहे का अजून, नवा माणूस पडेल.

१४. तरी विनंती अशी :
अ) दि. २५ सप्टेंबरची तक्रार चुकीची होती असे अर्जदाराच्या या कबुलीसह नोंदवून ती रद्द करावी.
आ) श्री. नागप्पा वीरभद्र हुडगे यांच्यावर माती चोरीचा ठपका नसल्याचे एक ओळीचे पत्र दि. १५ डिसेंबरपूर्वी ठेकेदारास द्यावे.
इ) त्रेपन्न पिशव्या भूखंड क्र. २७ वरील लहान ढिगावर परत टाकण्यास परवानगी द्यावी. ही बाहेरील माती नाही. शक्य असल्यास त्या वेळी फाटक श्री. नागप्पा यांनी उघडावे.
ई) मातीच्या नोंदवहीत वजनाचा एक रकाना वाढवावा. रेघ मारून द्यायची असल्यास अर्जदार पट्टी घेऊन येईल.

१५. पिशव्यांचे वजन ओलावा वजा करून पूर्ण झाले ते कालच. तोपर्यंत, एवढे सगळे झाल्यावरही, अर्जदाराला एक संशय होताच : नेली तेवढी माती परत आली असेल का. तो तक्ता जोडपत्र सहामध्ये आहे. आपण तो स्वतः पाहावा, आणि शंका आल्यास पिशव्या मोजायला कधीही घरी यावे. तराजू तिथेच आहे.

उत्तराच्या प्रतीक्षेत, झाल्या चुकीच्या जाणिवेसह,

आपली नम्र,
(स्वाक्षरी)
अक्षरा धम्मदीप सोनकांबळे

पट्टेदार म्हणून मान्य,
(स्वाक्षरी)
मनिषा धम्मदीप सोनकांबळे

सोबत :
१) दि. १५ एप्रिल व दि. २४ सप्टेंबरच्या मोजणीच्या प्रती.
२) पुस्तकाच्या दोन्ही पानांची झेरॉक्स.
३) चोवीस नमुन्यांची यादी, श्री. श्रीशैल यांच्या सहीसह, व प्रयोगशाळेचा निकाल.
४) वाहतूक पास, नग त्रेपन्न.
५) श्री. नागप्पा यांचा जबाब, त्यांच्या तोंडून ऐकून पूर्ण लिहिलेला, अंगठ्यासह.
६) पिशव्यांच्या वजनाचा तक्ता.
दि. २२ सप्टेंबर रोजी नेलेली माती, १०६ डबे, डब्याच्या मापावरून काढलेले कोरडे वजन : १२५.१ किलोग्रॅम.
दि. ३ ऑक्टोबर रोजी परत आलेली माती, कोंब, मुळे व दाणे वेगळे काढून, कोरडे वजन : १२६.४ किलोग्रॅम.